लॅटिन पाठ होत नाही? आधी ते मराठीत वाच

तुझा प्रश्न थोडक्यात असा: दिंडोरीहून रोज एसटीने नाशिकला येतेस, डी. फार्मच्या, म्हणजे औषधशास्त्राच्या पदविकेच्या, पहिल्या वर्षाला आहेस. सरांनी सत्तरेक लॅटिन शब्दांची यादी दिलीय, रात्री घोकलेलं सकाळी आठवत नाही. वर्गातल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलींना ते पटापट येतं. मग लॅटिनचा एखादा ऑनलाइन क्लास लावावा का? वयाने माझ्या लेकीएवढी असशील म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नकोस.

क्लास लावू नकोस. त्या क्लासात तुला रोमन सैन्याच्या लढाया वाचता येतील, पण डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं टीडीएस कसं लक्षात ठेवायचं ते कुणी शिकवणार नाही. मी चोवीस वर्षं पंचवटीत मेडिकल चालवते, आणि मधली काही वर्षं एका कॉलेजात डिस्पेन्सिंगचं प्रॅक्टिकल घ्यायला जात होते. तुझ्यासारखी मुलं तिथे दर वर्षी भेटायची. त्यांची स्मरणशक्ती चांगली असायची. अडायचं ते वेगळ्याच ठिकाणी: ती अक्षरं पाठ करायची. बी-डी, टी-डी-एस, एच-एस. नुसत्या अक्षरांना अर्थ नसतो, आणि अर्थाशिवाय पाठ केलेलं एसटीतल्या एका डुलकीत उडून जातं.

दुसरं म्हणजे तुझ्या यादीत तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र कालवलेल्या असणार, माझ्या विद्यार्थ्यांच्याही असायच्या. एक, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची लघुरूपं. दोन, फार्माकॉग्नोसीतली, म्हणजे वनस्पतींपासूनच्या औषधांच्या विषयातली, वनस्पतींची नावं. तीन, शरीराचे आणि आजारांचे शब्द, ज्यांत लॅटिनबरोबर ग्रीकही पुष्कळ आहेत. तिन्ही शिकायची रीत निरनिराळी आहे. त्यातलं किती लागेल हे तू पुढे कुठे बसणार यावर ठरतं. मेडिकलच्या काउंटरवर बसलीस तर चिठ्ठीवरची वीस-पंचवीस लघुरूपं झोपेतून उठवून विचारली तरी यायला हवीत, बाकीची परीक्षेपुरती. अंबड-सातपूरच्या कंपनीत क्यूसीला, म्हणजे औषधांचा दर्जा तपासायला, गेलीस तर चिठ्ठी क्वचितच दिसेल. काही डॉक्टर सरळ १-०-१ लिहितात, काहींचं अजूनही सगळं जुन्या वळणाचं असतं. त्यामुळे एवढे शब्द आले की बास, असा ठरीव आकडा मी देत नाही.

चिठ्ठीपासून सुरू करू, कारण खरा घोळ तिथे आहे.

चिठ्ठीच्या डोक्यावर जी आर-एक्ससारखी खूण असते आणि शेड्यूल एचच्या, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या, औषधांच्या पाकिटावरही छापलेली असते, ती 'रेसिपे' या शब्दाची खूण. अर्थ: 'घे'. कोणाला? पेशंटला नाही, औषध बनवणाऱ्याला. पूर्वी डॉक्टर मिक्श्चर लिहून द्यायचे आणि कंपाउंडर ते खलात घोटून बनवायचा. तेव्हा चिठ्ठी म्हणजे त्याला दिलेला हुकूम असे: अमुक घे, तमुक घे, मिसळ, त्याचं मिक्श्चर होऊ दे, एवढं दे, आणि बाटलीवर असं लिही. रेसिपे, मिस्चे, फियात मिस्तुरा, मित्ते, सिग्ना. तुझ्या पुस्तकात प्रिस्क्रिप्शनचे भाग दिलेत ना, सुपरस्क्रिप्शन, इन्स्क्रिप्शन, सबस्क्रिप्शन, सिग्नातुरा, ते याच हुकमाचे तुकडे. स्वयंपाकाची रेसिपी हाही तोच शब्द. खलबत्ता आता गेला, त्यामुळे 'फियात मिस्तुरा' परीक्षेपुरतं उरलंय. 'सिग्ना' मात्र जिवंत आहे: पाकिटावर लिही, पेशंटला सांग. म्हणजे तुझं सगळं लॅटिन शेवटी एका मराठी वाक्यात उतरायचं आहे. मग सुरुवातही तिथूनच का करू नये?

इथे इंग्रजी माध्यमाच्या मुलींपेक्षा तू पुढे आहेस. लॅटिन आणि संस्कृत एकाच कुळातल्या भाषा, आणि संस्कृतातून मराठीत इतकं आलंय की निम्मी यादी तुला ओळखीची निघेल. बीडी म्हणजे 'बिस इन दिए'. 'दिए' हा आपला दिवस, आणि 'इन दिए' म्हणजे दिवसात, सरळ सप्तमी. 'बिस' म्हणजे संस्कृतातलं द्विस्, दोनदा. गंमत म्हणजे इंग्रजी 'डे' दिसायला जवळचा असला तरी त्याचं या 'दिएस'शी नातं नाही, आपला दिवस मात्र सख्खा. टीडीएस म्हणजे 'तेर दिए सुमेन्दुम'. 'तेर' म्हणजे त्रिस्, तीनदा. क्यूआयडी किंवा क्यूडीएस मधलं 'क्वातेर' म्हणजे चतुर्, चारदा. आणि 'सुमेन्दुम' म्हणजे काय? 'घ्यायचं'. इंग्रजीला याच्यासाठी तीन-चार शब्द जोडावे लागतात, मराठीत एक पुरतो: घ्यायचं, करायचं, लावायचं. दिवसात तीनदा घ्यायचं. बघ, भाषांतर झालंसुद्धा.

एचएस माझं सगळ्यात आवडतं. 'होरा सोम्नी'. पंचांगात होरा असतो ना, तोच. हा शब्द ग्रीकांकडून ज्योतिषाबरोबर आपल्याकडे आला, तिकडे तो लॅटिनमध्येही गेला. अहोरात्र या शब्दाची पुढची-मागची अक्षरं गाळून होरा झाला, असं वराहमिहिराने सांगून ठेवलंय, पण भाषेचे अभ्यासक ते मानत नाहीत. 'सोम्नुस' म्हणजे झोप, आणि तो आपल्या 'स्वप्न'चा भाऊ. झोपेचा होरा, म्हणजे झोपताना. एवढं एकदा कळल्यावर एचएस विसरलेली मुलगी मी पाहिली नाही.

स्टॅट म्हणजे 'स्तातिम'. मुळात 'स्ता', म्हणजे आपला स्था, उभं राहणं. जिथे उभा आहेस तिथेच, त्याच क्षणी. मराठीत आपण म्हणतोच की, उभ्याउभ्या काम करून आला. मलमाला 'उंग्वेन्तुम', ज्याचं लघुरूप यूएनजी. त्याचा मूळ धातू आणि आपल्या अंजनाचा धातू एकच, माखणे. 'मिस्चे' आणि मिश्र. 'देक्स्तेर' आणि दक्षिण: पूर्वेला तोंड करून उभी राहा, उजवा हात दक्षिणेला येतो, संस्कृतात दक्षिण म्हणजे उजवासुद्धा. 'सिनिस्तेर' म्हणजे डावा, याला जोडीदार शोधू नकोस, उजवा पाठ झाला की उरलेला डावा.

एसओएसबद्दल जरा जास्त लिहिते. प्रॅक्टिकलला विचारलं की अर्धा वर्ग सांगायचा, मॅडम, सेव्ह अवर सोल्स. बुडत्या जहाजाचा संदेश! चिठ्ठीवरचं एसओएस म्हणजे 'सि ओपुस सित'. 'सित' हे संस्कृतातलं स्यात्, 'असेल तर'. गरज असेल तर. आता जहाज डोक्यात ठेवून मुलीने काउंटरवर सांगितलं, की फार त्रास झाला तरच घ्या, तर म्हातारी माणसं ताप चढला तरी गोळी घेत नाहीत. आणि कुणी नुसतं 'लागेल तशी घ्या' सांगितलं, तर दोन तासांनी पुन्हा घेतात. म्हणून एसओएस दिसलं की तीन गोष्टी सांगायच्याच: कशासाठी, दोन गोळ्यांत किती तासांचं अंतर, आणि दिवसात जास्तीत जास्त किती. चिठ्ठीवर हे नसेल तर डॉक्टरांना विचारायचं. पीआरएन, 'प्रो रे नाता', याचा अर्थही जवळपास तोच. त्यातलं 'नाता' म्हणजे आपलं जात, जन्मलेलं: प्रसंग उद्भवेल तसं.

हे सगळीकडे ताणू नकोस हं. 'चिबुस' म्हणजे अन्न, 'आक्वा' म्हणजे पाणी, 'गुत्ता' म्हणजे थेंब, यांना ओढूनताणून मराठी नातेवाईक जोडलेस तर भलतंच लक्षात राहील. एका मुलाने 'गुत्ता'ला गटागट जोडलं होतं आणि परीक्षेत 'घोटाघोटाने प्यावे' असं लिहून आला. असे दहा-बारा शब्द सरळ पाठच करायचे. उच्चारांचंही तसंच. कुणी सिबम म्हणेल, कुणी चिबुम, कुणी किबुम. चर्चमधली लॅटिन वेगळी, जुनी रोमन वेगळी, आपल्या सरांची तिसरीच. तोंडी परीक्षेत सर म्हणतात तसं म्हण आणि पुढे चल.

आता ओडी. हे लघुरूप मला चांगलंच महागात पडलंय. आपल्याकडे ओडी म्हणजे दिवसातून एकदा. पण डोळ्यांच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ओडी म्हणजे 'ओकुलुस देक्स्तेर', उजवा डोळा. ओएस डावा, ओयू दोन्ही. ('ओकुलुस' आणि आपला अक्ष, अक्षि हेही एकाच घरातले.) मी नुकतीच पास होऊन एका दुकानात लागले होते. पेठ तालुक्यातले एक बाबा मोतीबिंदूचं ऑपरेशन करून आले. चिठ्ठीवर थेंबांच्या नावापुढे ओडी. दिवसात चार वेळा हे खालच्या ओळीत होतं, ते मी दुसऱ्या बाटलीचं समजले. मी सांगितलं, बाबा, दिवसातून एकदा टाका. बाबांनी इमानेइतबारे एकदाच टाकले, आणि कोणत्या डोळ्यात ते मी सांगितलं नाही म्हणून दोन्ही डोळ्यांत. तपासणीला गेले तेव्हा डोळा लाल. दवाखान्यातून दुकानात फोन आला. डोळा बरा झाला, पण ते बाबा पुन्हा आले तेव्हा मला काही बोलले नाहीत, हे जास्त लागलं. तेव्हापासून चिठ्ठी हातात आली की आधी बघते, औषध कुठे जाणार आहे: पोटात, डोळ्यात, कानात की कातडीवर. मग पुढची अक्षरं वाचते. लघुरूपाचा अर्थ लघुरूपात नसतो, शेजारच्या शब्दात असतो.

अशा घोटाळ्यांमुळेच अमेरिकेत जॉइंट कमिशन या संस्थेने २००४ साली काही लघुरूपं वापरायचीच नाहीत अशी यादी काढली. त्यात दिवसातून एकदासाठीचं क्यूडी आहे, कारण घाईत ते क्यूआयडी वाचलं जातं आणि एकाच्या जागी चार डोस जातात. त्यात युनिटसाठीचं नुसतं 'यू' अक्षरही आहे: इन्सुलिनच्या १० पुढचा यू शून्यासारखा दिसला की १० चे १०० होतात. एचएससुद्धा सरळ नाही, इंग्रजीत हाफ स्ट्रेंग्थलाही कुणी तसंच लिहितं. आपल्याकडे भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ साली नियमांत बदल करून औषधाचं नाव सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहा असं डॉक्टरांना सांगितलं, पण कितीदा घ्यायचं त्याचं जुनं वळण अनेकांच्या हातातून गेलेलं नाही. म्हणजे तुला ही लघुरूपं वाचता यायला हवीत, पण स्वतः लिहायची सवय लावून घ्यायची नाही. पाकिटावर तू मराठीतच लिही: सकाळी १, रात्री १, जेवल्यावर. सांधेदुखीसाठी दिलेलं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा असतं; ते रोज घेतल्याने जगभर माणसं दगावली आहेत. तिथे नुसतं 'आठवड्यातून एकदा'ही मी लिहीत नाही, वार लिहिते: फक्त सोमवारी. सुरगाण्याहून आलेल्या बाईला वार कळतो, तिच्या गावचा बाजारही वारावरच असतो.

वनस्पतींच्या नावांना रीत वेगळी. इथे वाक्य नसतं, वर्णन असतं. लिनियस या वनस्पतीशास्त्रज्ञाने १७५३ मध्ये दोन शब्दांच्या नावांची पद्धत पक्की केली: पहिला शब्द प्रजातीचा (जीनसचा), म्हणजे आडनावासारखा, दुसरा बहुतेकदा विशेषण. नवीन वनस्पतीचं वर्णन लॅटिनमध्येच द्यायचं हे बंधन तर आत्ता, २०१२ पासून सुटलं, नावं मात्र लॅटिनच राहिली. ही विशेषणं पुस्तकातून पाठ करू नकोस, बाजारात जा. मी मुलांना एकदा भाजी बाजारात घेऊन गेले होते, आपल्या नाशिकच्या माणसाला याहून सोपा वर्ग नाही. द्राक्ष, विटिस विनिफेरा: 'विनुम' म्हणजे वाइन, 'फेर' म्हणजे आपला भृ, धारण करणारी. वाइन देणारी वेल, नाशिककरांना वेगळं सांगायला नको. डाळिंब, प्युनिका ग्रॅनाटम: दाणेदार. टोमॅटो, सोलॅनम लायकोपर्सिकम: लांडग्याचं पीच, का, ते त्या नाव ठेवणाऱ्यांनाच ठाऊक. लसूण, अ‍ॅलियम सटायव्हम: 'सटायव्हम' म्हणजे लागवडीचा, तोच शब्द कोथिंबिरीच्या नावातही आहे. आलं, झिंजिबर ऑफिसिनाले: 'ऑफिसिना' म्हणजे मठातली औषधांची खोली, तेव्हा ज्या नावात हा शब्द असेल ती वनस्पती पूर्वापार औषधी.

पुढे मग तुझ्या पुस्तकातली नावं आपोआप उलगडतात. अश्वगंधा, विथानिया सोम्निफेरा: सोम्नुस अधिक फेर, झोप आणणारी. होरा सोम्नीतला शब्द इथे पुन्हा भेटला बघ, अफूच्या नावातही तोच आहे. गुळवेल, टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया: हृदयाच्या आकाराची पानं. कुचला, नक्स व्होमिका: 'व्होम' म्हणजे वमन, वांती आणणारं बी. आणि शेवट का बदलतात, इंडिका कुठे, इंडिकम कुठे? लॅटिनला मराठीसारखीच तीन लिंगं आहेत. चांगला, चांगली, चांगलं; तसं इंडिकस, इंडिका, इंडिकम. तिळाला सेसमम इंडिकम, नपुंसकलिंगी. चिंच मात्र टॅमॅरिंडस इंडिका, कारण झाडं त्यांच्याकडे बहुधा स्त्रीलिंगी, शेवट 'अस' असला तरी. एक सावधगिरी: नावं बदलत राहतात. तुळस कुठे ऑसिमम सँक्टम, कुठे ऑसिमम टेन्युइफ्लोरम. अडुळसा कुठे अधाटोडा व्हासिका, कुठे जस्टिसिया अधाटोडा. परीक्षेत तुझ्या पुस्तकातलं लिही, दुसरं ओळखता येऊ दे.

शरीराचे शब्द मी पटकन संपवते, कारण ते वापराने येतात. एकच जोडी जपून: हायपर आणि हायपो. मुलं यात हमखास चुकतात, आणि साखरेच्या बाबतीत ही चूक जीवावर बेतू शकते. ग्रीक 'हायपर' म्हणजे संस्कृत उपरि, वर. 'हायपो' म्हणजे उप, खालचा, जसा उपशाखा, उपनदी. हायपरग्लायसेमियात साखर वर, हायपोत खाली. आणि 'ओस'चे दोन अर्थ आहेत हे माहीत असू दे: एक ओस म्हणजे तोंड, 'पेर ओस' मधला, आपल्या 'आस्य'चा भाऊ, दुसरा ओस म्हणजे हाड, 'अस्थि'चा भाऊ. डोळ्याच्या चिठ्ठीतलं ओएस तर तिसरंच.

आता वहीबद्दल, कारण 'रोज किती वेळ' हेही तू विचारलंयस. पंधरा मिनिटं पुरे, पण रोज. पानाला तीन रकाने पाड: चिठ्ठीवर दिसतं तसं, पूर्ण लॅटिन, आणि तुझ्या आजीला सांगशील ते वाक्य. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. 'दिवसातून दोन वेळा जेवणानंतर सेवन करावे' असं लिहिलंस तर फाडून टाक, आजीशी असं कुणी बोलतं का? 'सकाळी जेवलीस की एक, रात्री जेवलीस की एक.' दिवसाला चार शब्द, आणि पाचव्या दिवशी नवीन काही नाही, फक्त तिसरा रकाना उघडा ठेवून पहिले दोन आठवायचे. परीक्षेत उलटं विचारतात ना, म्हणून सराव उलटा. ओळखीच्या मेडिकलमध्ये शनिवारी दोन तास उभं राहता आलं तर बघ. गोळे कॉलनीत होलसेलवाल्यांकडे जाऊन उपयोग नाही, तिथे बिलं दिसतात, चिठ्ठ्या नाहीत. आणि चिठ्ठीतलं काही उतरवून घेतलंस तर पेशंटचं नाव घ्यायचं नाही.

शेवटी तू जाता जाता विचारलेलं, एसी आणि पीसी म्हणजे नेमकं किती वेळ आधी आणि नंतर. 'आन्ते चिबुम' जेवणाआधी, 'पोस्त चिबुम' जेवणानंतर, एवढंच लॅटिन सांगतं. मिनिटं औषध सांगतं. पॅन्टोप्रॅझोल नाश्त्याच्या साधारण अर्धा तास आधी. थायरॉइडची गोळी सकाळी रिकाम्या पोटी, पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा ते एक तास काही नाही, चहासुद्धा नाही. हे 'चहासुद्धा' मुद्दाम म्हणायचं, कारण आपल्याकडे चहाला कुणी खाणं-पिणं धरत नाही. मेटफॉर्मिन जेवताना किंवा जेवणाला लागून. आयब्युप्रोफेनसारखी दुखण्यावरची गोळी जेवण झाल्याबरोबर. या चौघी तिसऱ्या रकान्यात आजच लिहून टाक.